बबल टिप ॲनिमोनी घरच्या टॅंकमध्ये रुळवताना: डोंबिवलीच्या एका टॅंकची पूर्ण केस

सॉल्टवॉटर टॅंकमध्ये क्लाउनफिश आले की पुढची इच्छा ॲनिमोनीची, म्हणजे क्लाउनफिश ज्याच्या आडोशाला राहतो त्या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याची असते, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. आणि घरी आणलेला ॲनिमोनी दगावतो तो बरेचदा पहिल्या काही आठवड्यांतच, त्यात पाण्याइतकाच वाटा माणसाच्या हातांचा असतो. सारखं उचलून इथून तिथे ठेवणं, जबरदस्ती भरवणं, लाइट रोज बदलणं. ही केस माझ्या चुलतभावाच्या टॅंकची आहे. दादा-वहिनी डोंबिवलीला राहतात, भाचा आठवीत आहे आणि टॅंकची वही तोच लिहितो, त्यामुळे काय कधी झालं ते नीट सांगता येतंय.

आधी टॅंकबद्दल. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास पाणी, सुरू होऊन वर्ष उलटलेलं. हे वर्षाचं मी मुद्दाम सांगतेय. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की सायकल झाली, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टॅंकमध्ये तयार झाले, असं आपण म्हणतो आणि ते महिना-दीड महिन्यात होतंही, पण तेवढ्यावर ॲनिमोनी आणायचा नसतो. टॅंक स्थिर व्हायला निदान सहा महिने द्यावेत, तोपर्यंत अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच स्थिर ठेवणारे क्षार) वरखाली होत असते, शेवाळाचे एकेक प्रकार येऊन जात असतात. मासा अशा टॅंकमध्ये निभावून नेतो, ॲनिमोनीला ते जमत नाही. दगड सगळे ड्राय, म्हणजे वाळलेले, आणि सिरॅमिकचे. इथे एक सांगून टाकते, हार्ड कोरल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे कोणी कोरलचा तुकडा शोभेसाठी म्हणून विकत असेल, अगदी मेलेला असला तरी, तर घेऊ नका. मासे म्हणजे ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनची जोडी आणि एक गोबी नावाचा छोटा मासा, शिवाय एक क्लीनर श्रिंप, म्हणजे कोळंबीसारखा जीव, आणि काही गोगलगायी.

भाच्याला कार्पेट ॲनिमोनी हवा होता कारण तो मोठा आणि भारी दिसतो. मी नको म्हटलं. कार्पेटची पकड इतकी जबरदस्त असते की छोटा मासा चुकून टेकला तरी संपला, गोबी तर वाचलाच नसता. मॅग्निफिका नावाची जात दिसायला सगळ्यात सुंदर पण टिकवायला फार अवघड. बबल टिप त्या मानाने सोसणारा, आणि मुख्य म्हणजे तो स्वतःचे दोन भाग करून वाढतो, त्यामुळे समुद्रातून काढलेला न घेता कुणाच्या तरी टॅंकमध्ये वाढलेल्याचा भाग मिळू शकतो. असा मिळाला तर तोच घ्यावा, कारण त्याला टॅंकचा लाइट आणि टॅंकचं पाणी आधीच माहीत असतं. समुद्राच्या दृष्टीनेही तेच बरं. हे प्राणी किती जगू शकतात माहितीये का? स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलियेल नावाच्या माणसाने १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक ॲनिमोनी घरी आणला होता, तो काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगला. डॅलियेल स्वतः १८५१ मध्ये गेले, पुढे एकाकडून दुसऱ्याकडे असा तो सांभाळला गेला, लोक त्याला ग्रॅनी म्हणायचे. जात वेगळी होती, थंड पाण्यातली, पण जो जीव एवढा टिकू शकतो तो आपल्याकडे पंधरा दिवसांत जातो तेव्हा त्याचं वय झालेलं नसतं.

दुकानात आम्ही तिघं गेलो. तिथे दोन बबल टिप होते. एक पांढराशुभ्र, दुकानदार त्यालाच रेअर पीस म्हणून जास्त किंमत सांगत होता. तो ब्लीच झालेला होता, म्हणजे त्याच्या आतलं सूक्ष्म शैवाल निघून गेलेलं, आणि ॲनिमोनीचं बरंचसं अन्न तर हे शैवालच उजेडातून बनवून देतं. असा पांढरा किंवा भडक पिवळा ॲनिमोनी दिसला तर लांब राहा, पिवळे पुष्कळदा रंगवलेले असतात. दुसरा तपकिरी-हिरवट, दिसायला साधा. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, दुकानदाराने चिमट्यात धरून श्रिंपचा तुकडा लावल्यावर टेंटॅकल, म्हणजे वरची बोटांसारखी टोकं, चिकटले, आणि पाय म्हणजे खालची बैठक कुठेही फाटलेली नव्हती. पाय बघणं सगळ्यात महत्त्वाचं. पाय फाटलेला ॲनिमोनी सहसा वाचत नाही. हा काचेला चिकटून बसलेला होता आणि दुकानातला मुलगा नखाने खरवडायला लागला, तेव्हा दादाने त्याला थांबवलं आणि बाहेरच्या बाजूने काचेला बर्फाचा खडा लावून ठेवायला सांगितलं. थंड लागलं की ॲनिमोनी पायाची कड स्वतःच उचलतो, मग प्लास्टिकच्या पातळ कार्डाने कडेकडेने हळूहळू सोडवता येतं. वेळ लागला पण पाय अख्खा आला.

घरी आल्यावर पिशवीतल्या पाण्याची सॅलिनिटी म्हणजे खारटपणा मोजला तर १.०२० निघाला. बरीच दुकानं मीठ वाचवायला आणि माशांवरचे परजीवी कमी राहावेत म्हणून पाणी असं हलकं ठेवतात. दादाच्या टॅंकमध्ये १.०२५. एवढा फरक ॲनिमोनीला एका वेळी सहन होत नाही, त्याच्या अंगात पाणीच पाणी असतं आणि बाहेरच्या पाण्याशी जुळवून घ्यायला त्याच्याकडे किडनी वगैरे काही नाही. म्हणून बादलीत ड्रिप लावली, एअर पाइपला गाठ मारून टॅंकचं पाणी थेंब थेंब, दीडेक तास, मधे मधे मोजत मोजत. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, आधी ३५ पीपीटीच्या (लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ) सोल्यूशनवर सेट करून घेतला होता, बरेच जण साध्या आरओच्या पाण्यावर शून्य करतात आणि मग वरचं रीडिंग चुकतं.

सोडण्याआधीची तयारी मला वाटतं या केसमधली सगळ्यात कामाची गोष्ट. वेव्हमेकरला, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंख्याला, दोन्हीकडे बारीक जाळीचं कव्हर, सम्पकडे (फिल्टरच्या टाकीकडे) पाणी नेणाऱ्या ओव्हरफ्लोच्या फटींना जाळी, हिवाळ्यासाठी लावलेल्या हीटरला प्लास्टिकचं गार्ड. ॲनिमोनी चालतो आणि कुठेही जातो, आणि वेव्हमेकरमध्ये ओढला गेला तर त्याच्या चिंध्या पाण्यात पसरून अख्खा टॅंक जाऊ शकतो. मग कार्बन टाका, निम्मं पाणी बदला, तरी मासे वाचतील याची खात्री नाही. जाळ्या दर चार-पाच दिवसांनी ब्रशने साफ कराव्या लागतात, नाहीतर फ्लो म्हणजे पाण्याचा प्रवाह कमी होतो, पण पहिल्या काही महिन्यांत तेवढा त्रास घ्यायचाच.

लाइट नेहमीच्या निम्म्यावर आणला. वेव्हमेकर बंद केले. मधल्या दगडात एक खोलगट कपार होती, भाच्याने तीच निवडली होती, आणि ते बरोबरच होतं, कारण निसर्गात हा ॲनिमोनी पाय खोल फटीत खुपसून बसतो आणि फक्त टेंटॅकल उजेडात पसरतो. पायाला अंधार, डोक्याला ऊन, एवढं त्याला हवं असतं. दादाने हातमोजे घालून तिथे अलगद ठेवला आणि थोडा वेळ आडोसा म्हणून हात तसाच धरला. तासाभरात पाय चिकटला, मग एक वेव्हमेकर कमी स्पीडवर चालू केला. रात्रीपर्यंत तो फुलला होता. दादाने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कपारीत नव्हता.

काचेवरून सरकत सरकत मागच्या बाजूला, दगड आणि मागची काच यांच्यामधल्या अंधाऱ्या जागेत गेला होता आणि मुठीएवढा आकसून बसला होता. मधेच फुगायचा, परत आकसायचा, आणि एकदा तोंडातून तपकिरी दोरीसारखं काहीतरी बाहेर आलं. दादाचा फोन आला, मेला वाटतं, दगड काढून बाहेर घेऊ का? मी म्हटलं, अरे थांब, आधी मला व्हिडिओ पाठव. तपकिरी दोरी म्हणजे नको असलेलं शैवाल आणि कचरा, प्रवासाचा ताण आला की ॲनिमोनी ते टाकतो. आकसणंसुद्धा नेहमीचंच, पाणी आणि घाण बाहेर टाकून तो परत फुगतो. मेलेला ॲनिमोनी लगेच कळतो, पाय सुटतो, अंग चिकट चोथ्यासारखं होऊन सुटायला लागतं, तोंड उघडं पडून आतलं बाहेर येतं आणि तसंच राहतं, आणि वास असा येतो की घरभर कळतं. यातलं काहीच नव्हतं. पाय काचेला घट्ट होता, काचेच्या मागून टॉर्च मारल्यावर तो गोल पाय स्वच्छ दिसत होता, कड अखंड, मधोमध रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या.

पण दोन दिवसांनीही तो तिथेच, म्हणून मी रविवारी गेले. ॲनिमोनी जागा सोडतो तेव्हा पाणी, लाइट किंवा फ्लो यातलं काहीतरी त्याला पटत नसतं, आणि आपलं काम ते शोधणं एवढंच, त्याला उचलून परत आपल्या आवडीच्या जागी बसवणं नाही. उचलायला गेलं की पाय फाटतो. नाही फाटला तरी तो परत निघणार, कारण मूळ कारण तसंच आहे.

टेस्ट केल्या. अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट दहाच्या आसपास, चालेल, अगदी शून्यही बरं नाही. अल्कलिनिटी आठ. तापमान २६. सगळं छान. मग भाच्याची वही काढली आणि त्यात सॅलिनिटीचे आकडे बघितले, कधी १.०२५, कधी १.०२७, परत १.०२५. टॅंकवर थंडाव्यासाठी पंखा लावलेला होता, त्याने पाणी भराभर उडतं, मीठ मागे राहतं, आणि वहिनी दोन दिवसांतून एकदा बादलीभर पाणी एकदम ओतायची. मासे काही बोलत नाहीत म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच दिवशी फ्लोटवाला ऑटो टॉप-अप लावला, म्हणजे जेवढं उडेल तेवढंच थोडं थोडं पडत राहील.

मग ते पाणी येतं कुठून, तर किचनमधल्या आरओमधून. टीडीएस मीटर लावला तर ४० च्या वर. घरच्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं परत मिसळतात, चवीसाठी. पिण्यासाठी ते ठीक आहे, ॲनिमोनीच्या टॅंकला शून्य लागतं. आणि वहिनी म्हणाली, अगं मागच्या सर्व्हिसिंगला त्यांनी कॉपरचा कार्ट्रिज पण बसवून दिलाय, तब्येतीला चांगला असतो म्हणे. हे ऐकून मी ते पाणी तिथल्या तिथे बंद करायला लावलं. तांबं माणसाला थोडं चालतं, पण श्रिंप, गोगलगाय, ॲनिमोनी यांच्यासाठी ते विष आहे, अगदी थोड्या प्रमाणात सुद्धा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची कितीतरी औषधं तांब्याचीच असतात आणि म्हणूनच ती ॲनिमोनीच्या टॅंकमध्ये कधीच टाकायची नसतात. कॉपरची टेस्ट केली, काही दिसलं नाही, आणि श्रिंप व्यवस्थित कात टाकत होता म्हणजे प्रमाण फार नसावं. त्यामुळे ॲनिमोनी तांब्यामुळे सरकला असं मी म्हणणार नाही. पण महिनोन्‌महिने ते पाणी टॉप-अपला पडत राहिलं असतं तर तांबं दगडात, वाळूत साठत गेलं असतं. दादाने आता टॅंकसाठी वेगळा आरओ घेतलाय, शेवटी उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, मीटरवर शून्य. ज्यांच्या घरात असा कार्ट्रिज आहे त्यांनी हे आजच तपासा.

अजून एक, टॅंकच्या शेजारच्या सॉकेटमध्ये डासांचं लिक्विड मशीन. त्यातली औषधं जलचरांना फार घातक असतात, आणि एअर पंप तर तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. मशीन बेडरूममध्ये गेलं, हॉलच्या खिडकीला जाळी बसली. टॅंकच्या खोलीत कॉइल, रूम फ्रेशनर, पेस्ट कंट्रोल हे काही नको, आणि टॅंकमध्ये हात घालायच्या आधी सॅनिटायझर, क्रीम सगळं धुऊन टाकायचं.

राहिला लाइट. दादाने नवीन एलईडी घेतला होता आणि कपार नेमकी त्याच्या खाली होती, निम्म्यावर असूनसुद्धा तिथे झोत पडत होता. दुकानात ॲनिमोनी मंद ट्यूबखाली होता, किती दिवस कोण जाणे. अंधाराकडे पळाला यात नवल काय. लाइट ३० टक्क्यांवर आणला आणि ठरवलं की दर आठवड्याला थोडा थोडाच वाढवायचा, दिवसाला आठ तास. एका दिवसात काही सुधारणार नव्हतं, आणि दादाला सगळ्यात कठीण गेलं ते हेच, काही न करता बघत राहणं. रोज संध्याकाळी फोन, आज काय करू? मी म्हणायचे, सॅलिनिटी मोज आणि जाळ्या बघ, बाकी काही नको.

क्लाउनची मादी या सगळ्यात त्रास द्यायला लागली होती. ॲनिमोनी जरा फुलला की जाऊन टोचायची, अंग घासायची, तो परत मिटायचा. नुकत्याच आलेल्या, अजून न रुळलेल्या ॲनिमोनीला मोठी क्लाउन मादी दमवून टाकते. जाळीचा पार्टिशन टाकून जोडी दुसऱ्या बाजूला ठेवली, पाणी येतं-जातं, मासे जात नाहीत.

पहिल्या पंधरवड्यात त्याला काहीही भरवलं नाही. दुकानदाराने रोज एक कोळंबी द्या सांगितलं होतं. तोंड सैल असताना, पाय धरलेला नसताना भरवलं तर ते अन्न आतच सडतं किंवा तो उलटून टाकतो, आणि पचवायला जी ताकद लागते तीच त्याच्याकडे नसते.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो हलला. भाच्याने रात्री लाल कागद लावलेल्या टॉर्चने बघितलं, पायाची एक कड पुढे पसरते, चिकटते, मग मागची सुटून ओढली जाते, इतकं सावकाश की बघताना कळत नाही, पाच मिनिटांनी बघितलं की जागा बदललेली. रात्रभरात तो मागच्या काचेवरून उजवीकडच्या उभ्या दगडावर आला, वरच्या एक-तृतीयांश भागात, वेव्हमेकरचा फ्लो दगडाला आपटून मऊ होतो तिथे, आणि दगडाच्या एका भोकात पाय घातला. आम्ही कोणीही ती जागा निवडली नसती. तिथून तो आजवर हललेला नाहीये.

महिनाभराने लाइट ६० टक्क्यांवर होता, तपकिरी रंग गडद झाला होता, तोंड घट्ट. तेव्हा पहिलं खाणं दिलं. वहिनी कोळंबी आणते तेव्हा हळद-मीठ लावायच्या आधी दोन-तीन बाजूला काढून डब्यात फ्रीझ करते, त्यातला वाटाण्याएवढा तुकडा आरओच्या पाण्यात धुवून लांब चिमट्याने टेंटॅकलवर ठेवायचा, सोडायचा, ढकलायचा नाही. टेंटॅकल आत वळले, तुकडा हळूहळू तोंडाकडे गेला, आणि तेवढ्यात क्लीनर श्रिंप येऊन तोंडातून ओढून घेऊन गेला. तेव्हापासून आधी श्रिंपला लांबच्या कोपऱ्यात त्याचा वाटा देतात आणि ॲनिमोनीवर अर्धी कापलेली प्लास्टिकची बाटली दहा मिनिटं झाकून ठेवतात. आठवड्यातून एकदा, एवढंच. मोठा तुकडा एकदा पाहुण्यांनी हौसेने दिला होता, दुसऱ्या दिवशी तो तसाच बाहेर आला.

पावसाळ्यात लाइट जाऊन चार-पाच तास आली नाही अशी रात्र होऊन गेली. घराच्या इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आधीच टाकून ठेवला होता आणि बॅटरीवाला एअर पंप होता, तेवढ्यावर निभावलं. डोंबिवली-कल्याणकडे ज्यांचा टॅंक आहे त्यांनी ॲनिमोनीच्या आधी याचा खर्च धरावा. एप्रिल-मे मध्ये पंख्यावर भागलं नाही, पाणी ३० च्या वर जायला लागल्यावर चिलर घ्यावाच लागला, आणि तो स्वस्त नसतो हे दादाला मी आणायच्या आधीच सांगितलं होतं.

टेंटॅकलच्या टोकाला फुगे मात्र फारसे नाहीत. नावात बबल असलं तरी ते कधी असतात, कधी नसतात, बाकीची तब्येत चांगली असेल तर त्यावरून काळजी करू नये. आता तो पसरला की वीतभर होतो.

आणि क्लाउन? पार्टिशन काढून कितीतरी महिने झाले, जोडी अजून ओव्हरफ्लोच्या कोपऱ्यातच झोपते. भाचा यावर नाराज आहे. पण ऑसेलॅरिस निसर्गात बबल टिपमध्ये राहतच नाही, त्याचे ॲनिमोनी वेगळे, मॅग्निफिका, जायंट कार्पेट वगैरे. त्यात ही हॅचरीत जन्मलेली जोडी, तिने आयुष्यात ॲनिमोनी पाहिलेला नव्हता. पुष्कळ टॅंकमध्ये ऑसेलॅरिस बबल टिप स्वीकारतात, कधी एका दिवसात, कधी वर्षाने, कधी नाहीच. टॅंकमधल्या ॲनिमोनीला त्याने काही फरक पडत नाही, त्याला उजेड, स्थिर पाणी आणि आठवड्याचा वाटाण्याएवढा तुकडा पुरतो. परवा भाच्याने विचारलं, आत्या, मग मरून क्लाउन आणू या का, तो तर बबल टिपमध्येच राहतो ना? राहतो, पण मरून या ऑसेलॅरिसच्या जोडीला मारून टाकेल, चार फुटांच्या टॅंकमध्ये दोन जातीचे क्लाउन नांदत नाहीत. नाही म्हणून सांगितलंय.